अस्वलांची पडताळणी व मुद्रांकन

जगातली निम्मी भांडणं मापं ठरलेली नसल्यामुळे होतात, असं माझं पहिल्यापासून मत आहे. उरलेली निम्मी मापं ठरवायला गेल्यामुळे होतात, हे मला यंदा कळलं, आणि तेही माझ्याच दिवाणखान्यात, माझ्याच टेबलाशी बसून.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानातला काटा खरा की खोटा हे पाहायचं, खरा असला तर त्याच्या शिशाच्या गोळीवर ठसा मारायचा आणि खोटा असला तर दुकानदाराचं रडगाणं ऐकत तो बाजूला काढायचा, एवढंच काम. पण ह्या कामाने माणसाची नजर कायमची बिघडते. कुणाच्या घरी गेलो की मला भिंतीवरची तिरकी तसबीर दिसते, घर दिसत नाही. चहा हातात आला की कप भरलेला आहे की दोन बोटं कमी, हे मी आधी बघतो. मास्तर म्हणतो, "तुझ्याबरोबर संसार म्हणजे जन्मभर परीक्षेच्या हॉलमध्ये बसणं आहे."

मास्तर म्हणजे माझ्या घरातला दुसरा माणूस. खरं तर पहिला, कारण घर त्याचं आहे आणि मी तिथे राहतो असाच सगळ्या इमारतीचा समज आहे. तो शाळेत चित्रकला शिकवतो. डोक्यात एकही पांढरा केस नव्हता तेव्हापासून आम्ही एकत्र आहोत. तळमजल्यावरच्या काकू पहिल्या दिवसापासून आम्हाला 'तुम्ही दोघं' म्हणतात आणि त्यापुढे काही विचारत नाहीत. सगळ्या बाबतींत चौकशा करणाऱ्या बाईने एकाच बाबतीत गप्प राहावं, ह्याचा अर्थ ती बाब तिला कळलेली आहे असा आम्ही घेतो.

आमचं एक मंडळ आहे. पुरुषांवर जीव जडणाऱ्या पुरुषांचं, आणि त्यातही दाढी, अंगावरचे केस आणि पोट ह्या तिन्हींची लाज सोडलेल्यांचं. आमच्यासारख्यांची जी चित्रं बाहेर रंगवली जातात ती सगळी सडपातळ, गुळगुळीत आणि विशीतली. आम्ही त्या चित्रांत कधी बसलो नाही, बसलो असतो तर खुर्ची मोडली असती. असे न बसणारे लोक जगभर एकत्र आले आणि स्वतःला अस्वल म्हणवून घेऊ लागले, तसे आम्हीही. चारचौघांत शर्ट काढून, पोट आत न ओढता उभं राहता आलं की काय मोकळं वाटतं, हे ज्याला पोटच नाही त्याला सांगून कळायचं नाही.

पण माणूस एका वर्गवारीतून सुटला की पहिल्यांदा दुसरी वर्गवारी करायला घेतो. नुसतं अस्वल म्हणून भागेना. वयाने लहान आणि गुबगुबीत, तो पिल्लू. केस भरपूर पण बांधा सडसडीत, तो पाणमांजर. तसाच सडसडीत, पण अंग कमावलेलं आणि नजरेत जरब, तो लांडगा. दाढी पिकली की पांढरं अस्वल. दंड फुगवलेले असले की पैलवान अस्वल. आणि ज्याच्या अंगावर ना केस ना चरबी, पण ज्याचा जीव अस्वलांवर, तो चाहता. पाणमांजर आणि लांडगा ह्यांत नेमका फरक काय, असं मी एकदा आमच्या अध्यक्षांना विचारलं होतं. अध्यक्ष दाताचे डॉक्टर आहेत, त्यामुळे समोरचा उलट बोलू शकत नाही असं ते धरूनच चालतात. ते म्हणाले, "नजर. लांडग्याची नजर वेगळी." मी विचारलं, "किती वेगळी?" त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती कुठल्या जनावराची, हे मला ठरवता आलं नाही.

दरवर्षी मंडळाचा मेळावा असतो. एक हॉल घ्यायचा, गाणी लावायची, भरपूर खायचं, आणि प्रत्येकाने छातीवर आपापल्या जनावराचा बिल्ला लावायचा. हे पत्र्याचे बिल्ले मास्तर हाताने रंगवतो. पूर्वी ते दाराशी परडीत ठेवलेले असायचे आणि ज्याला जो आवडेल तो त्याने उचलायचा. गेल्या मेळाव्यात ह्या पद्धतीचा निकाल लागला. लांब्या नावाचा आमचा एक सभासद आहे, उंचीला दाराच्या चौकटीएवढा आणि जाडीला चौकटीच्या लाकडाएवढा. त्याने अस्वलाचा शेवटचा बिल्ला उचलला. बेकरीवाला, ज्याला अस्वल म्हणायला आंधळाही चुकणार नाही, त्याच्या वाट्याला पाणमांजर आलं. तो सबंध मेळावाभर बिल्ल्यावर हात दाबून उभा राहिला. त्याच्या छातीत कळ येतेय असं समजून दोघांनी त्याला खुर्चीवर बसवून वारा घातला, आणि मग त्याने लांब्याचं आणि परडीचं जे काही काढलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणून यंदा अध्यक्ष माझ्याकडे आले. "तुम्ही सरकारी मापवाले. एकदाचे नियम करून द्या. कोण अस्वल, कोण पाणमांजर, कागदावर असलं की तंटा नको."

एरवी मी हात जोडून नाही म्हटलं असतं. पण गेल्या वर्षी मास्तरच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. ते पार पडलं. डॉक्टर म्हणाले, "आता अधूनमधून तपासत राहू. बघू." ते 'बघू' घेऊन आम्ही घरी आलो. मी आयुष्यभर मापं तपासली, पण बघू हे किती असतं ते मला माहीत नाही. तेव्हापासून मला एका जागी बसवत नव्हतं. मी नळांचे वायसर बदलले, पुस्तकं उंचीप्रमाणे लावली, मग जाडीप्रमाणे लावली. घरातला वजनकाटा तेवढा मास्तर दवाखान्यातून यायच्या आदल्या दिवशी माळ्यावर टाकून दिला.

मास्तर बारीक झाला होता. चांगला भरदार, केसाळ गडी, त्याचे शर्ट आता त्याच्याभोवती हँगरवरच्यासारखे लोंबत. औषधांनी अंगावरचे केसही विरळ झाले. मंडळाच्या बैठकीला चल म्हटलं की म्हणायचा, "पुढच्या वेळी." असं बऱ्याच वेळा झालं. लोक घरी येऊन भेटून जायचे, तेव्हा तो चादर गळ्यापर्यंत ओढून बसायचा. मला त्याला मेळाव्याला न्यायचं होतं, बाकी काही नको होतं. नियम झाले तर बिल्ले नवे लागतील, बिल्ले लागले तर मास्तर ब्रश हातात धरेल, आणि स्वतः रंगवलेले बिल्ले लोकांच्या छातीवर बघायला तरी तो येईल, असा माझा साधा सरळ डाव होता. आणि तो लागू पडतोय असंच वाटलं. मास्तरने महिनोन्महिने बंद असलेली रंगपेटी उघडली आणि म्हणाला, "लांडग्याचं नाक मला नीट जमत नाही, ते जरा बघायला हवं." मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे नियमावलीचा पहिला खर्डा केला.

सुरुवात मी माझ्या पोटापासून केली, कारण ते हाताशी होतं. माझा घेर हा अस्वलाचा किमान घेर धरला. त्यात स्वार्थ नव्हता, प्रमाण म्हणून कुठलं तरी पोट घ्यावंच लागतं. मग उंचीच्या मानाने वजन. मग केस. केसांसाठी मी जाड कागदाला चौकोनी खिडकी पाडली. ती छातीच्या मधोमध ठेवायची आणि खिडकीत दिसतील तेवढे केस मोजायचे. अध्यक्षांनी दात कोरायची बारीक हत्यारं आणली. पहिली चाचणी बेकरीवाल्यावर झाली आणि त्याला अतोनात गुदगुल्या होतात हे उघडकीला आलं. त्याने हसता हसता टेबल लाथाडलं, वरून अध्यक्षांची हत्यारं उडाली, आणि ती शोधायला आम्ही तिघं सोफ्याखाली डोकी घालून ओणवे झालेले असतानाच काकू साखर मागायला आल्या. दार उघडं होतं. काकूंनी क्षणभर पाहिलं. "चालू द्या तुमचं," म्हणाल्या, आणि साखर स्वतःच घेऊन गेल्या.

नजर मोजायचा प्रश्न मात्र सुटेना. लांब्याला विचारलं तर तो म्हणाला, "मला लांडगाच व्हायचंय, पाहिजे तर मी वर्षभर डोळे वटारतो." शेवटी लांडगा ह्या गटाचा निर्णय पुढील आदेशापर्यंत राखून ठेवला. आमच्या खात्यात अडचणीच्या सगळ्या गोष्टी पुढील आदेशापर्यंत राखून ठेवतात आणि त्यांचं पुढे फार चांगलं चालतं.

मग खरा काटा हवा झाला. घरगुती काट्यावर माझा विश्वास नाही, आणि माळ्यावरचा मी काढणार नव्हतो. ऑफिसात एक पोती तोलायचा प्लॅटफॉर्म काटा धूळ खात पडला होता. तो एका रविवारपुरता बाहेर न्यायला परवाना लागतो. साहेबांनी विचारलं, "प्रयोजन?" मी म्हटलं, "मंडळाचं काम आहे." साहेब म्हणाले, "मंडळ कसलं?" मी म्हटलं, "स्नेहमंडळ." साहेब म्हणाले, "स्नेह मोजायला प्लॅटफॉर्म काटा?" आणि स्वतःच्याच विनोदावर इतके खूश झाले की त्यांनी सही केली. पण भांडाराच्या कारकुनाला साहेबांचे विनोद मान्य नसतात. त्याच्या म्हणण्याप्रमाणे काटा बाहेर न्यायचा तर आधी त्याची पडताळणी झालेली हवी. पडताळणी करायची तर ती मी. पण परवाना माझ्याच नावावर, म्हणजे मी हितसंबंधी. दुसरा निरीक्षक रजेवर. असे माझे नाकी नऊ आले. अखेर रजेवरच्या निरीक्षकाच्या घरी जाऊन, त्याच्या सासूबाईंना हवापाणी विचारून, त्याच्याकडून सही आणली.

रविवारी सकाळी काटा आला. तो उचलायला बेकरीवाला, अध्यक्ष, लांब्या आणि मंडळाचे आणखी दोघे दणकट सभासद आले. लिफ्टमध्ये 'सहा माणसे' अशी पाटी आहे. आम्ही सहाच होतो, काट्याला माणूस धरलं नाही तर. मी चढायच्या आधी सांगितलं होतं की पाटीतला माणूस हा सरासरी माणूस असतो आणि आमच्यात सरासरी कोणीच नाही. पण सगळे म्हणाले, "चला हो, काही होत नाही." दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टने एक सुस्कारा टाकला आणि थांबली.

आत आम्ही बराच वेळ होतो. बेकरीवाल्याचं पोट माझ्या पाठीत, माझं अध्यक्षांच्या कमरेत. लांब्याने वरच्या झरोक्याला तोंड लावून आमच्या वतीने श्वास घेतला. खालून काकू ओरडून सल्ले देत होत्या. "सगळ्यांनी एकदम उडी मारा, म्हणजे सरकेल!" त्यांच्या बाजूला इमारतीचे सचिव उभे असावेत, कारण लगेच दुसरा आवाज आला, "उडी मारू नका! कोणीही उडी मारू नका! मारली तर खर्च तुमच्याकडून वसूल होईल!" शेवटी जाळी कापून आधी काट्याला आणि मग आम्हाला एकेकाला खेचून काढलं. सगळा जिना बघायला जमला होता. सरकारी निरीक्षक असलेल्या माणसाला काखेत धरून, पोट चौकटीला घासत, चार बिऱ्हाडांच्या देखत बाहेर ओढणं हे बरोबर नाही. निदान पोरांनी टाळ्या वाजवायला नको होत्या.

लिफ्ट बंद पडली ती पडलीच. सचिवांनी सूचनाफलकावर लिहिलं, 'काही रहिवाशांकडे येणाऱ्या अवजड पाहुण्यांमुळे.' मी विरोध नोंदवला, की अवजड हा शब्द सापेक्ष आहे. दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं की लिफ्ट पुन्हा सुरू करायला भाराची चाचणी हवी आणि चाचणीला खात्याने तपासलेली वजनं हवीत. खातं म्हणजे मी. पण लिफ्ट मोडली कोणामुळे, तर माझ्यामुळे, म्हणजे मी हितसंबंधी. दुसरा निरीक्षक रजा वाढवून बसला होता. मास्तरला डॉक्टरांनी जिने जपून चढायला सांगितले होते, आणि मी त्याच्यासाठी म्हणून घाट घालून आधी त्याची लिफ्टच घालवली होती. त्यावर तो "तुला त्या जाळीतून ओढताना बघायला मिळालं, त्यात सगळं वसूल झालं," एवढंच म्हणाला.

दुपारी पडताळणी सुरू झाली. माझी एक शिस्त आहे. मी काटा तपासताना दुकानदाराच्या तोंडाकडे बघत नाही, काट्याकडेच बघतो. तोंडं बघितली की दया येते आणि दया आली की माप हलतं. म्हणून मी दिवाणखान्यात मधोमध चादर बांधली. चादरीपलीकडे सभासद उभा राहायचा, बेकरीवाला त्याला तोलून, टेप लावून, केसांची खिडकी धरून आकडे सांगायचा. चादरीअलीकडे मी टेबलाशी आकडे जुळवून निकाल पुकारायचो. आतल्या खोलीत मास्तर बसला होता. तो निकाल ऐकून बिल्ला रंगवून बाहेर पाठवायचा.

पहिल्या तासाभरातच मंडळ फुटायची वेळ आली. पिल्लू म्हणून आमचे एक सभासद आहेत, मंडळ निघालं तेव्हापासून पिल्लू. आता त्यांना नोकरीतून निवृत्त व्हायचे वेध लागलेत. नियमाप्रमाणे ते पांढरं अस्वल निघाले. चादरीपलीकडून हुंदका ऐकू आला. "मी गेलो तर पिल्लू म्हणून गेलो असतो हो," असं म्हणाले. एका पैलवानाच्या दंडांचा घेर भरला नाही, तो तिथेच जोर काढायला लागला आणि पुन्हा मोजा म्हणाला. खुद्द बेकरीवाल्याला कसल्याशा तपासणीसाठी छातीवर नेमकी खिडकीएवढी जागा भादरून घ्यावी लागली होती. नियमाप्रमाणे तो चाहता ठरला. त्याने कागदाची खिडकी माझ्या टेबलावर आपटली. अपील समिती नेमली. तीत अध्यक्ष, मी आणि बेकरीवाला असे तिघं होतो, त्यामुळे त्याचं अपील मंजूर झालं आणि बाकीच्यांची फेटाळली गेली. लांब्या पाणमांजर निघाला आणि कपाळाला हात लावून जिन्यात जाऊन बसला. तिथे काकूंनी त्याला गाठून सांगितलं की रोज दोन केळी खा आणि ह्या लोकांचं मनावर घेऊ नको.

मला मात्र बरं वाटत होतं. खूप दिवसांनी हाताला काम होतं, आकडे होते, त्यांची बेरीज होती, आणि त्यांत बघू नव्हतं. मी मान वर न करता निकाल देत सुटलो होतो. संध्याकाळ होत आली. बेकरीवाल्याने शेवटचे आकडे सांगितले, जरा हळू आवाजात. मी म्हटलं, "मोठ्याने." त्याने पुन्हा सांगितले. घेर कमी, वजन कमी, खिडकीत केस नगण्य. पाणमांजर म्हणावं तर केस नाहीत, चाहता म्हणावं तर हाडापेराने मोठा. मी रेघ मारली आणि पुकारलं, "कुठल्याच गटात बसत नाही. बिल्ला नाही. पुढचा!"

कोणी पुढे आलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "पुढचा!"

"पुढचा कोणी नाही," चादरीपलीकडून मास्तर म्हणाला. "मी शेवटचा."

मी उठून चादर बाजूला केली. तो काट्यावर उघडा उभा होता. महिनोन्महिने आंघोळीनंतरही मला पाठ करून कपडे घालणारा माणूस सगळ्या मंडळासमोर शर्ट काढून उभा होता, पोटावरचा लांब व्रण उघडा टाकून. हातात त्याने स्वतःसाठी रंगवलेला अस्वलाचा बिल्ला होता, अजून ओला. त्याने माझ्याकडे पाहून हसून म्हटलं, "नियम म्हणजे नियम," शर्ट घातला, आत गेला आणि ब्रश धुवायला लागला. ते ब्रश तो फार वेळ धूत होता.

मंडळी निघून गेली. एवढे आडदांड लोक, पण जिन्यात एकाचं पाऊल वाजलं नाही. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला फाटकाशी गाठून विचारलं, "काल काय झालं हो? सगळे कसे चोरासारखे उतरले."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, अस्वलांसकट. काकू म्हणाल्या, "माफी मागत बसू नका. माफी मागितली की त्यांना 'असू दे' म्हणावं लागतं, आणि आजारी माणसाने किती वेळा असू दे म्हणायचं? काहीतरी करा." काकूंच्या सल्ल्याने आम्ही लिफ्टमध्ये जवळजवळ उडी मारली होती, त्यामुळे मी तो तिथेच सोडला आणि घरी येऊन माफी मागितली. मास्तर म्हणाला, "असू दे."

मला झोप लागेना, जेवण जाईना. तो बारीक झालाय हे मला दिसत नव्हतं असं नाही. त्याच्या पट्ट्याला नवं भोक मीच पाडून दिलं होतं. पण अस्वल कसं असतं असं मनात आणलं की मला तोच दिसायचा. नियम करताना त्याला मोजून बघावं असं डोक्यातच आलं नाही, कारण ज्याची शंका असते ते आपण मोजतो. हे त्याला कसं सांगायचं ते कळेना, म्हणून मी मला येतं ते केलं. नियमात दुरुस्ती केली. अस्वलाचं किमान वजन खाली आणलं, केसांची अट शिथिल केली, 'वैद्यकीय कारणास्तव' असं एक पोटकलम घातलं, आणि खर्डा त्याच्यासमोर ठेवला.

त्याने तो पूर्ण वाचला. मग प्रथमच त्याचा आवाज चढला. "सवलतीचा बिल्ला नको मला! दवाखान्यात सवलत, शाळेत सवलत, आणि आता ह्याच्यातही? तुला कळत नाही का, मी त्या दिवशी का उभा राहिलो? मला वाटलं, सगळे उभे राहतायत, आपणही राहावं. एवढंच. मला माझं वजन माहीत आहे रे. तू काटा माळ्यावर टाकलास म्हणून ते लपलं नाही."

मेळावा दोन दिवसांवर आला होता. मी अध्यक्षांकडे गेलो आणि नियमावली मागे घेतो म्हटलं. ते खवळले. "एका माणसासाठी?" मी म्हटलं, "काटा खोटा निघाला की मी तो बाजूला काढतो. तो कोणामुळे खोटा ठरला हे विचारत नाही." ते कोणाच्या तरी दाढेत हत्यार घालून उभे होते. तो रुग्ण तोंड उघडं ठेवूनच हुंकारला, बहुतेक माझ्या बाजूने. अध्यक्षांनी परडी परत आणायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसात दार लावून बसलो आणि पत्र्याच्या चकतीवर अस्वल रंगवलं. मी चित्रकाराबरोबर एवढी वर्षं काढली आहेत, पण ती कला लागण होणारी नाही. तपकिरी रंग पसरला तो पसरतच गेला. मग मी खण उघडला आणि नोकरीत आजवर केली नाही ती गोष्ट केली. खात्याचा पडताळणीचा ठसा काढला, चकती उलटी केली आणि हातोडीने एकच घाव घातला. सरकारी ठशाचा खाजगी वापर. उघडकीला आलं तर माझी चौकशी लागेल, आणि ती बहुधा रजेवरचा निरीक्षक करील.

मेळाव्याच्या दिवशी मास्तर खिडकीशी बसला होता, घरच्याच कपड्यांत. मी बिल्ला त्याच्या हातात दिला.

"हे काय आहे?"

"अस्वल."

"कान कुठायत?"

"हे काय, कानच आहेत."

"मला वाटलं बटाट्याला मोड आलेत." त्याने बिल्ला उलटा केला. बोट ठशावरून फिरवलं. "हा खरा?"

"खात्याचा."

"कशावरून मारलास? परवा तर नापास झालो मी."

"परवा काटा खोटा होता," मी म्हणालो. "मला तुझ्याइतकं दुसरं कोणी अस्वल वाटत नाही. कधीच वाटलं नाही. मला फार भीती वाटते रे, म्हणून मी मोजत सुटतो."

त्याने ठसा खिडकीच्या उजेडात धरला. "हा किती दिवस चालतो?"

"एक वर्ष. मग परत पडताळणी करून घ्यावी लागते. नियमच आहे."

"आणि पुढच्या वर्षी..." तो थांबला. त्याच्या तोंडाशी डॉक्टरांचा कुठला शब्द आला होता ते मला माहीत होतं. माझ्याही तोंडाशी तोच होता.

"पुढच्या वर्षी वेळेवर हजर राहायची जबाबदारी तुझी," मी म्हणालो. "आम्ही घरी येऊन ठसा मारत नाही."

"घरीच तर राहतोस," मास्तर म्हणाला, आणि शर्ट बदलायला उठला.

लिफ्ट अजून पुढील आदेशापर्यंत बंदच होती. आम्ही जिन्याने उतरलो, प्रत्येक मजल्यावर थोडं टेकत. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता आणि मी पायऱ्या मोजत नव्हतो. तळमजल्यावर काकू दारातच उभ्या होत्या, जणू लिफ्टचीच वाट बघत. त्यांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि नजर बिल्ल्यावर अडकली.

"मास्तर, छातीवर हे काय लावलंय?"

"अस्वल आहे, काकू."

काकूंनी चष्मा वर केला. बिल्ल्याकडे पाहिलं, मग बिल्ला सोडून मास्तरकडे पाहिलं, डोक्यापासून पायांपर्यंत, सावकाश.

"हो की," त्या म्हणाल्या. "दिसतंच आहे."

काकूंच्या इतक्या वर्षांच्या मतांमध्ये हे पहिलंच, ज्यावर मला काही हरकत घ्यायची नव्हती.